कार्बनचा खेळ

देशासाठी मी आठ वर्षं शत्रू होते. पगारी शत्रू. देशासाठी लोक काय काय होतात; मी रोज सकाळी हॉलमध्ये जाऊन परदेशी व्हायचे. पुढे त्याच देशाने मला गद्दार म्हटलं, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

आधी कामाचं सांगते, कारण हे काम असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. टेबल टेनिसच्या राष्ट्रीय संघात खेळाडू असतात, सर असतात, पाय चोळून देणाऱ्या बाई असतात, तशी एक नक्कल करणारीही असते. पुढच्या स्पर्धेत ज्या परदेशी मुलीशी गाठ पडणार, तिचे व्हिडिओ सर माझ्या हातात ठेवायचे. मी ते पुन्हापुन्हा बघायची, तिच्या बॅटला असतं तसलं रबर माझ्या बॅटला चिकटवायची, तिच्यासारखी उभी राहायची आणि आमच्या पहिलीसमोर तिच्यासारखी खेळायची. पहिली म्हणजे आमची पहिल्या क्रमांकाची खेळाडू. हॉलमध्ये तिला सगळे पहिलीच म्हणत. पहिली माझ्यावर हात साफ करून जायची, आणि तिकडे खरी मुलगी समोर आली की तिला वाटायचं, हिला तर मी परवाच हरवलंय. मला सगळे ‘कार्बन’ म्हणायचे. ते नाव सरांनी पाडलं होतं, आणि प्रेमाने पाडलं होतं. उगाच खोटं कशाला बोलू?

नक्कल नुसती हाताची नव्हती. कुणी सर्व्हिसच्या आधी टेबलाच्या कोपऱ्याला तळवा पुसते, कुणी गुण गेला की बुटाची नाडी सोडून परत बांधते, एक तर गुण मिळाला की अशी किंचाळायची की पंचही दचकायचे. मी तेही करायची, कारण पहिलीला त्याचीही सवय हवी. एका डावखुरीसाठी मी अख्खा उन्हाळा डाव्या हाताने खेळले. दातसुद्धा डाव्याच हाताने घासले. घरी आले की आई माझ्या चालीकडे बघून दारातच विचारायची, “आज कोण आलंय जेवायला?”

“ती उंच, रागीट.”

“मग तिला सांग, आमच्याकडे ज्याने त्याने आपलं ताट घासायचं असतं.”

हॉलमध्ये माझ्यासाठी एक नियम होता. माझा स्वतःचा एकही फटका टेबलावर पडता कामा नये. चुकून पडलाच तर सरांची शिट्टी वाजायची. “कार्बन, तुझा खेळ घरी ठेवून ये!” मी ठेवून यायची. आठ वर्षांत त्या हॉलमध्ये कुणी माझा खेळ बघितला नाही, आणि बघावा असं कुणाला वाटलंही नाही.

घरी ठेवून ये म्हणजे खरोखर घरीच होता तो. बाबांचं फोटोफ्रेमचं दुकान. पुढे गिऱ्हाईक, मागच्या खोलीत माल, वर आम्ही. मागच्या खोलीत भिंतींना टेकवून काचांचे मोठे तावच्या ताव उभे, कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांच्या मोळ्या, आणि मधल्या जागेत पॅकिंगच्या प्लायवुडचं आमचं टेबल. जाळीच्या जागी फ्रेमची एक पट्टी आडवी उभी केलेली. बाबांची एकच अट होती: काच फुटली की खेळ बंद. त्यामुळे लहानपणी बाकीच्या मुली जोरात मारायला शिकल्या तेव्हा मी हळू मारायला शिकले. चेंडू पट्टीपलीकडे जाऊन तिथेच गप्प बसला पाहिजे, उडून काचेवर गेला की संपलं.

समोर आई असायची. तिच्या हातात बॅट नाही, हार्डबोर्डचा तुकडा. फोटोच्या पाठीमागे लावतात तो. त्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरी जाळीच्या ठशाची खरखरीत. आईला खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. कधी या बाजूने मारायची, कधी त्या, आणि हात बहुतेक वेळा भांडी घासून ओले. त्या हार्डबोर्डवरून चेंडू असा काही मेल्यासारखा डुगडुगत यायचा की व्हिडिओतल्या एकाही मुलीचा तसा येत नाही. तो शेवटपर्यंत बघायचा, उशिरा हात लावायचा, आणि आवाज न करता पलीकडे सोडायचा. माझा खेळ हा एवढाच. आई आणि मी तो वर्षानुवर्षं खेळलो, ती आमटीला फोडणी द्यायला वर जाईपर्यंत.

आई मूळची इथली नाही. लग्न होऊन ती सीमेपलीकडून आली. तिचा देश आमच्यापेक्षा लहान. टेबल टेनिसमध्ये तर कुणाच्या खिजगणतीत नसलेला. माझ्या आजीने मरेपर्यंत तिला ‘बाहेरची’ म्हटलं, आणि बाबांनी कधी हो म्हटलं नाही, पण कधी अडवलंही नाही.

बाबांचं देशावर फार प्रेम. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की दुकानात एकटे असले तरी हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवून ताठ उभे. आमचा संघ जिंकला की संघाचा फोटो फ्रेम करायला आमच्याच दुकानात यायचा. बाबा पट्टीचे कोपरे असे जुळवायचे की सांध्यात नख शिरू नये. एकदा मी म्हटलं, “बाबा, यात मी कुठंय?”

“आहेस की. या पहिलीच्या हातात आहेस.”

तेव्हा मला ते खूप आवडलं होतं. नंतर नंतर आवडेनासं झालं.

गेल्या वर्षी संघातली तिसरी मुलगी गुडघा धरून बसली. जागा रिकामी झाली. जी चौथी होती तिला मी उजव्या हाताने हरवायची आणि कंटाळा आला की डाव्या हाताने. मी संघटनेच्या अध्यक्षांकडे गेले. मोठी खोली, मोठं टेबल, मागे बाबांनीच केलेल्या फ्रेमा. अध्यक्षांनी मला चहा दिला. मोठ्या माणसाने विचारण्याआधीच चहा दिला की समजावं, नाही म्हणणार आहे.

“तुला संघात घेतलं तर मुलींनी सराव कुणावर करायचा?” ते म्हणाले. “तू पाया आहेस आपला. पाया कधी दिसतो का?”

“साहेब, पायाला दिसायचं नाहीये. पायाला एकदा मॅच खेळायची आहे.”

ते हसले. “पुढच्या वर्षी बघू.” हे पुढचं वर्ष मी आठ वर्षं ऐकत होते. बाहेर येऊन ओरडावं तर नोकरी जाईल, न ओरडावं तर जीव जाईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याच महिन्यात एका स्पर्धेत, मुख्य हॉलच्या शेजारच्या सरावाच्या हॉलमध्ये, मी आईच्या देशाच्या एका खेळाडूची नक्कल करून पहिलीला सराव देत होते. सराव संपला. दाराशी एक जाड चष्म्याच्या बाई उभ्या होत्या, गळ्यात त्या देशाचं ओळखपत्र. त्या तिकडच्या संघाच्या प्रशिक्षक निघाल्या. आपल्याच मुलीची नक्कल उभं राहून बघत होत्या त्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“माझ्या मुलीची सर्व्हिस तू माझ्या मुलीपेक्षा चांगली करतेस,” त्या म्हणाल्या. आईसारखेच हेल. मी काहीतरी पुटपुटले.

“आणि तुझी कोणती?”

“माझी काय?”

“तुझी सर्व्हिस. तू स्वतः कोणती करतेस?”

आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. सर गेले होते, पहिली गेली होती. बॅगेतून माझी जुनी बॅट काढली, स्पंज नसलेल्या जुनाट रबराची, जी मी कधी बॅगेबाहेर काढत नसे, आणि त्यांना एक सर्व्हिस केली. मग दुसरी. चेंडू पलीकडे जाऊन बसला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“आई कुठली तुझी?” त्यांनी विचारलं. माझं बोलणं ऐकून ओळखलं असणार.

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, “अस्सं” म्हणाल्या, आणि मग, “आमच्याकडून खेळशील?” नियम असा होता की ज्याने आपल्या देशाकडून एकही अधिकृत सामना खेळलेला नाही, त्याला आईबापांपैकी कुणाच्याही जन्मदेशाकडून खेळता येतं. आमच्या लोकांनी मला एकदा, अगदी एकदा, कुठल्या फालतू सामन्यात जरी उतरवलं असतं तर मी जन्माची बांधली गेले असते. त्यांनी मला इतकं जपून ठेवलं की मी मोकळीच राहिले. पिकतं तिथे विकत नाही हे खरं, पण निदान बाजारात तरी मांडायचं होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा काच कापत होते. त्यांनी रेघ पूर्ण केली, काच दोन्ही हातांनी धरून टक्कन वेगळी केली, मग माझ्याकडे बघितलं.

“तिकडून खेळणार? आपल्या देशाच्या विरुद्ध?”

“आपल्या देशाच्या विरुद्ध तर मी रोजच खेळते, बाबा. त्याचाच पगार घेते.”

“ते वेगळं. ते आपल्यासाठी होतं.”

“आता एकदा माझ्यासाठी.”

“देश बदलायला तो काय सदरा आहे?” बाबांचा आवाज चढला. “ज्या मातीत वाढलीस, जिचं खाल्लंस, तिला सोडून जायचं? लोक तोंडात शेण घालतील. गद्दार म्हणतील तुला!”

आई जिन्यात उभी होती. ती कधी बाबांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी पडली.

“अहो, मी काय वेगळं केलं होतं? मी नाव बदललं, घर बदललं, देश बदलला. ज्या मातीत वाढले ती सोडून आले. मला कुणी गद्दार नाही म्हटलं. गुणाची सून म्हणाले.” ती एक पायरी खाली आली. “माझ्या बापाने तर मांडव घातला होता त्याचा. मग मुलीने एक सदरा बदलला तर एवढं काय आकाश कोसळतंय?”

मला हे कधी सुचलंही नव्हतं. बाबांनी हिरा उचलला आणि पुढची काच ओढली. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगत, “तिला म्हणावं, मीठ दे.” मी शेजारीच असायची.

मी राजीनामा दिला. बातमी फुटली. वर्तमानपत्रात माझा फोटो पहिल्यांदाच आला, आणि खाली ‘देशाला पाठ दाखवणारी’. वाचून मला वाटलं, अरे, तोंड तर तुम्ही कधी बघितलं नव्हतंत, पाठ बरी ओळखलीत! ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं ते माझ्या रक्ताबद्दल लिहीत होते. शेजारच्या सलूनमध्ये ज्यांना टेबल टेनिसचा चेंडू केवढा असतो ते माहीत नाही, ते दाढी करून घेताघेता मला देशप्रेम शिकवत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

एका दुपारी कुणीतरी दुकानावर दगड मारला. दर्शनी काच खळ्ळकन खाली आली. मी धावत खाली गेले. बाबा काचांच्या तुकड्यांत उभे होते, दगड हातात घेऊन. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता माझ्यावर बरसणार.

बाबा दुकानाबाहेर गेले आणि रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून ओरडले, “अरे अकलेच्या कांद्यांनो! काच फोडायची तर सलूनवाल्याची फोडा, त्याला विकत आणावी लागेल! मी काचवाला आहे! रोज फोडा, रोज लावीन!”

रस्त्यावरचे लोक थबकले. सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला आणि लगेच आत गेला. बाबांनी झाडू घेतला, तुकडे गोळा केले, मागून ताव काढला, मोजून कापला आणि संध्याकाळ व्हायच्या आत नवी काच बसवली. काच तशीच, जाडी मात्र पहिल्यापेक्षा जास्त. माझ्याशी ते तरीही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना म्हणाले, “मीठ दे.” आईला नाही, मला.

मी आईच्या देशात सरावाला गेले. त्यांचा हॉल म्हणजे एका शाळेची व्यायामशाळा, छत गळणारं, टेबलं जुनी. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “इथे कुणाची नक्कल केलीस तर मी शिट्टी वाजवीन.” मी हसले, पण ते वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. हात आपोआप कुणाचे तरी व्हायचे. तिकडच्या मुली चांगल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचं राष्ट्रगीत शिकवायला घेतलं आणि माझे उच्चार ऐकून पोट धरून हसल्या. पहिलं कडवं मला येत होतं. आई भांडी घासताना गुणगुणायची ते काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सांघिक स्पर्धा आली आणि सोडत अशी निघाली की दुसऱ्याच फेरीत आमची गाठ माझ्या जुन्या संघाशी. वर्तमानपत्रांना दिवाळी.

सामन्याच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या पॅसेजमध्ये सर भेटले. त्यांचे केस पांढरे झाले होते, का मीच आधी नीट बघितले नव्हते कुणास ठाऊक. ते थांबले. “देशाने तुला घडवलं, कार्बन,” असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली, मग स्वतःच थांबले. चेहऱ्यावर काळजी होती.

“तुझा एखादा व्हिडिओ असेल का?” त्यांनी हळूच विचारलं. “पहिलीला सराव द्यायचाय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठ वर्षांची सवय. कुणाचा खेळ हवा असला की कार्बनला विचारायचं. काखेत कळसा असताना यांनी कधी बघितला नाही, आणि आता कळसा गेल्यावर कळशालाच विचारत होते कुठे आहेस म्हणून.

“सर, माझाच खेळ मलाच विचारताय?”

त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, मग त्यांना हसू फुटलं, आणि मलाही. आम्ही दोघं त्या पॅसेजमध्ये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, “घरी ठेवून यायला तुम्हीच सांगायचात. मी घरी ठेवला होता.”

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी दोन्ही राष्ट्रगीतं झाली. आधी त्यांचं, म्हणजे लहानपणापासून माझं. मी दुसऱ्या रांगेत, दुसऱ्या रंगाचा सदरा घालून. माझे ओठ हलायला लागले. हलू द्यावेत की दाबावेत असा क्षणभर विचार आला, आणि मग मला राग आला. का दाबायचं? माझ्या शाळेत, माझ्या रस्त्यावर, माझ्या बापाशेजारी उभी राहून मी ते म्हटलंय. ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, आणि जर्सीबरोबर परत द्यावं असं कुठे लिहिलेलंही नाही. मी ते खणखणीत आवाजात पूर्ण म्हटलं. प्रेक्षकांत कुणी शिट्ट्या मारल्या. मग आईच्या देशाचं सुरू झालं, तेही म्हटलं, येत होतं तिथवर. ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं. मी दोन्ही म्हटली.

माझी पहिली मॅच पहिलीशीच होती.

पहिला गेम माझ्या हातून असा गेला की विचारू नका. समोर पहिली दिसली आणि हात सवयीने भाड्याचे झाले. एका गुणाला मी ती उंच रागीट होते, पुढच्याला ती तळवा पुसणारी. गुण गेल्यावर खाली बघितलं तर मी बुटाची नाडी सोडत होते. पहिली आरामात खेळत होती. या सगळ्यांना तिने माझ्याच अंगात हरवलं होतं. दुसरा गेमही गेला. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, “कार्बन, घरी जा!”

मी बाकावर येऊन बसले. ज्याच्यासाठी एवढं केलं, बापाला दुखावलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो माझा खेळ मला सापडत नव्हता. आणखी एक गेम गेला की झालं, आणि मग सगळ्यांचं म्हणणं खरं ठरणार होतं की हिला स्वतःचं असं काही नाहीच.

बाईंनी टॉवेल माझ्या हातात दिला. मी मघाशी तो एका परदेशी मुलीसारखा खांद्यावर टाकला होता, ते त्यांनी बघितलं असणार.

“पाहुणे झाले सगळे जेवून?” त्या म्हणाल्या. “आता घरच्यांनी बसायचं का?”

आईने विचारल्यासारखंच वाटलं मला ते. आज कोण आलंय जेवायला? कुणी नाही गं. आज मीच आहे.

मी उठले आणि टेबलापाशी जाताना डोळ्यांसमोर मुद्दाम काचा उभ्या केल्या. पहिलीच्या मागे काचांचे ताव, डावीकडे काचा, उजवीकडे काचा. फुटली तर खेळ बंद. पहिलीने जोरात मारलं. मी वाट बघितली, आणखी थोडी, आणि चेंडू खाली जायला लागल्यावर त्याला हात लावला. तो जाळीपलीकडे गेला आणि बसला. पहिली धावली, पोचली नाही. पुढचा तिने अजून जोरात मारला. तोही बसला. तिने सरांकडे बघितलं. सरांनी खांदे उडवले. जगातल्या प्रत्येक मुलीची नक्कल त्यांच्या हॉलमध्ये उभी राहिली होती, एक सोडून.

तिसरा गेम मी घेतला, मग चौथा. पाचव्यात पहिली खूप झुंजली. ती मोठी खेळाडू आहे, हे तिला हरवणारीनेही कबूल केलं पाहिजे. शेवटच्या गुणाला तिचा चेंडू तसाच डुगडुगत आला, हार्डबोर्डवरून यावा तसा. आईचा चेंडू. तो मी डोळे मिटूनही परत केला असता.

आमचा संघ ती लढत हरला. बाकीच्या मुली बिचाऱ्या पुऱ्या पडल्या नाहीत. पण पहिली त्या वर्षी एकाच मुलीकडून हरली, आणि ती मुलगी मी. हात मिळवताना तिने माझा हात सोडलाच नाही. “हा खेळ तू कधी शिकलीस?” ती म्हणाली.

“तू घरी गेल्यावर.”

बाहेर पत्रकारांनी तेच विचारलं. मी सगळं सांगितलं: दुकान, काचा, पट्टीची जाळी, आईच्या हातातला हार्डबोर्ड. एकाने विचारलं, “मग तुमचा देश नक्की कोणता?” मी म्हटलं, “तुम्ही आईला निवडता का बापाला, असं तुम्हाला कुणी विचारलं तर त्याच्या कानाखाली वाजवाल ना? मी फक्त बॅट धरलीय म्हणून वाचलात.” ते छापून आलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आधी नुसतीच रडली. मग म्हणाली, “अगं, आधी त्यांचं गीत लागलं, हे उभे राहिले. मग माझं लागलं. मी स्वयंपाकघरातून आले, वाटलं, बसून बघावं गुपचूप. पण उभी राहिले. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा.” तिने नाक ओढलं. “आणि हे बसले नाहीत गं. त्यांचं संपलं होतं, तरी शेवटपर्यंत उभे होते.”

मी घरी परत आले. मी याच गावात राहते, याच रस्त्यावर भाजी घेते, आणि सलूनवाल्याला रोज मुद्दाम नमस्कार करते. बाबा बोलायला लागले होते, थोडंथोडं, काचेबद्दल आणि हवेबद्दल. मॅचबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही.

एका सकाळी मी मागच्या खोलीत पट्ट्या लावत होते, तेव्हा पुढे संघटनेचा माणूस आला. नेहमी फोटो घेऊन यायचा तोच. आज हातात फोटो नव्हता. जरा घुटमळून म्हणाला, “काका, हार्डबोर्ड हवा होता.”

“फोटो केवढा?”

“फोटो नाही. नुसता हार्डबोर्ड. बॅटीएवढे तुकडे. सरांनी मागवलेत.” त्याने घसा खाकरला. “एक नवी मुलगी ठेवलीय सरावाला. ती… म्हणजे तुमच्या मुलीसारखं खेळायला शिकतेय.”

माझ्या हातातली पट्टी हातातच राहिली. माझी नक्कल. कुणीतरी पोरगी रोज सकाळी हॉलमध्ये जाऊन मी होणार होती. मला हसू येत होतं आणि त्या पोरीची कीवही येत होती. आई जिन्यात येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत. तिनेही ऐकलं होतं.

बाबांनी हार्डबोर्डचा मोठा ताव ओढला, कापून चांगले चौकोनी तुकडे केले, कडा कानशीने घासल्या, कागदात बांधले आणि गल्ल्यावर ठेवले. संघटनेच्या माणसाने खिशात हात घातला. बाबांनी मानेनेच नको म्हटलं.

“हार्डबोर्ड लागेल तेवढा न्या,” बाबा म्हणाले. मग त्यांनी जिन्याकडे बोट केलं. “पण ते हातात धरून समोर उभी राहायला तिची आई कुठून आणणार?”

त्या माणसाने पुडकं उचललं आणि तो गेला. बाबांनी गल्ला पुसला. आई जिन्यातच खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला. मी मागच्या खोलीतून एक तुकडा उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि टेबलावरच्या रिकाम्या फ्रेमा बाजूला केल्या.